दुधातली कोंबडी

माझं माहेर सोलापूरचं. म्हणजे खरं सांगायचं तर सोलापूरपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवरचं एक खेडं. पण लग्न होऊन निजामाच्या मोगलाईत आले, आणि सासरच्या गावानं मला परस्पर सोलापूरची करून टाकलं. सोलापूर इंग्रजाच्या मुलखात, म्हणून मी इंग्रजाच्या मुलखातली, आणि म्हणून मला इंग्रजाचं सगळं ठाऊक, असं ते सरळ गणित. उमरग्यापासून दोन कोसांवरचं आमचं गाव. तिथं कुणाच्या घरी चहाची पूड आली, की ती कशी उकळायची हे विचारायला मला बोलावणं यायचं. मीही पदर सावरून जायचे. चहा मी माहेरी एकदाच प्याले होते, तोही ताप आला म्हणून काढ्यासारखा. पण ‘मला येत नाही’ असं म्हणायला जी हिंमत लागते ती सोळा-सतराव्या वर्षी अंगात नसते. आता डोक्यावर पांढरं दिसायला लागलं तरी ती फारशी आलेली नाही, हे घरातली मंडळी सांगतीलच.

तर जर्मनशी दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. एका रविवारी सकाळी मी गोठ्यात शेण भरत होते, आणि आमच्या थोरल्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, समोर येऊन उभ्या राहिल्या. रात्रभर झोप नसावी, डोळे सुजलेले.

"वैनी, साहेब लोकांची भट्टीतली कोंबडी तुला येती न्हवं?"

मी म्हटलं, "व्हय, येती की."

शेणाची पाटी डोक्यावर घेतानाच माझ्या लक्षात आलं, की आपण काय बोलून बसलो. पण वन्संच्या तोंडाकडं बघितलं आणि शब्द मागं घेता येईना.

वन्संचं दुखणं सगळ्या गावाला माहीत होतं. त्यांचे मालक, आमचे दाजी, सिकंदराबादच्या लष्करात एका इंग्रज साहेबाच्या बंगल्यावर खानसामा होते. लग्नानंतर त्यांनी वन्संना तिकडं नेलं होतं. बंगल्यामागं एक खोली होती, तिथं दोघं राहायची. वन्संना तिथलं काही सोसेना. साहेबाच्या मुदपाकखान्यात काय काय शिजतं या विचारानंच त्यांचा जीव कासावीस व्हायचा. मालक कामावरून आले की दाराबाहेर अंघोळ करायला लावायच्या. त्यांना पाण्याच्या घागरीला हात लावू द्यायच्या नाहीत. ते बिचारे ऐकायचे. एकदा साहेबाकडं मोठी मेजवानी झाली. दाजींनी कोंबडी, दूध, लोणी आणि शेवयांसारखं काहीतरी घालून भट्टीत एक पदार्थ केला, आणि त्याची वाहवा झाली. बायकोलाही कळावं आपल्या हाताला काय चव आहे, म्हणून एक वाडगा भरून ते घरी घेऊन आले. वन्संनी दुधात मांस बघितलं आणि तो वाडगा तसाच नेऊन दाराबाहेरच्या कुत्र्यापुढं उपडा केला. दाजींच्या डोळ्यांदेखत.

चार दिवसांनी त्यांनी वन्संना मोटारीत बसवून माहेरी आणून सोडलं. जाताना एवढंच म्हणाले, "माझ्या हातचं चालंल असं वाटलं की निरोप धाड."

वन्संचा ताठा मोठा. दोन वर्षं निरोप गेला नाही. आणि मग दाजींच्या गावाकडून कुणकुण आली, की त्यांच्या थोरल्या भावानं त्यांच्यासाठी दुसरी मुलगी बघितली आहे. दाजी रजा घेऊन गावी निघालेत, आणि बघणं झालं की तिथंच अक्षता पडणार. आमचं गाव वाटेवर. वन्संनी एका ओळखीच्या मोटारवाल्याच्या हाती सांगावा धाडला: ‘जाता जाता एक वक्त आमच्याकडं जेवा. मग काय ते करा.’ दाजींनी उलट सांगावा दिला: ‘रविवारी सांजच्याला येतो. सकाळी पुढं जायाचं हाय.’

म्हणजे हे एकच जेवण. आणि त्यात तीच कोंबडी करायची, असं वन्संनी ठरवलेलं. जे कुत्र्यापुढं टाकलं होतं, तेच.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या ओसरीवर तूर पाखडत बसल्या होत्या. वन्संनी सांगितलं आणि सूप थांबलं.

"कोंबडी कर. मुलाण्याला बोलीव, कापून घे. रस्सा कर, सुकं कर, काय पायजे ते कर. पण दूध न्हाय."

"दुधातच करायची हाय, आई."

"दुधात मांस? अगं, कोड उठंल अंगावर! पांढरी फटक व्हशील. मग तो न्हेणारा बी न्हेणार न्हाय."

"उठलं तर माझ्या अंगावर उठंल. आज त्ये गेले तर मग मला काळी असून काय करायचंय नि गोरी असून काय करायचंय?"

आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं. "आन् ह्या सोलापूरच्या मडमेला म्हाईत हाय का कसं करतेत त्ये?"

मी मान डोलावली. मान डोलावणं हा माझा त्या काळचा मोठा धंदा होता.

"माझ्या चुलीवर न्हाय," आत्याबाई म्हणाल्या. "गोठ्यातल्या चुलीवर. मटणाचं गाडगं घ्या. घरातलं एक भांडं हलवायचं न्हाय." आणि परत तूर पाखडायला लागल्या. परवानगी म्हणावी तर ही, नकार म्हणावा तर तोही हाच.

रविवार होता म्हणून बरं. दुसऱ्या दिवशी सोमवार, आमच्या घरात सोमवारी मांस शिजत नाही. म्हणजे आज बिघडलं तर उद्या सकाळी करून घालू असंही नव्हतं. मुलाणी दुपारी आला, कोंबडा कापून, साफ करून देऊन गेला. आम्ही दोघी गोठ्यात चुलीपाशी बसलो.

"आता सांग," वन्सं म्हणाल्या.

मी म्हटलं, "वन्सं, तुमी बघितलं व्हतं ना? आधी तुमी सांगा कसं दिसत व्हतं, मग मी सांगते कसं करायचं." ही युक्ती मला कशी सुचली देव जाणे. पण त्या दिवशी तिनंच मला तारलं.

वन्संनी डोळे मिटले. ज्या पदार्थाकडं त्यांनी नाकाला पदर लावून बघितलं होतं, तो त्यांना काल बघितल्यासारखा आठवत होता. वर तांबूस पापुद्रा, पावाच्या चुऱ्याचा. खाली पांढरं, दाट. मधे शेवया, पण जाड, आपल्यासारख्या नाहीत. कोंबडीचे हाडं काढलेले तुकडे. लोण्याचा वास.

आता शेवया. आमच्याकडच्या शेवया आत्याबाईंनी चैत्रात पाटावर वळलेल्या, आणि त्यांचा सगळा अभिमान असा, की शेवई केसासारखी बारीक निघाली पाहिजे. मी गोठ्यातल्या एका कोऱ्या मडक्यात पाणी उकळलं, शेवया टाकल्या आणि पळीनं हलवल्या. हलवता हलवता त्या दिसेनाशा झाल्या. मडक्यात नुसता लगदा.

ओसरीवरून आवाज आला, "काय गं, पेज झाली का खळ झाली?"

वन्संच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. मी घाईघाईनं म्हटलं, "पहिली खेप अशीच होत असती, सोलापुरात." आणि दुसऱ्या खेपेला शेवया शिजवायच्याच नाहीत असं ठरवलं. कोरड्याच थरात ठेवायच्या, दूध पिऊन आपोआप फुगतील. हे शहाणपण नव्हतं, भीती होती. पण पुढं तीच कामाला आली.

मग दूध. आमची म्हैस आटलेली. शेजारच्या अक्कांकडं दूध होतं. अक्का लिंगायत, त्यांच्या घरात कांदा चिरतानासुद्धा सोवळं-ओवळं बघायचे, मांसाचं तर नाव नाही. मी चरवी घेऊन दारात उभी राहिले.

"जावई येणार म्हणं?" अक्का कानडी हेल काढत म्हणाल्या. "शेवयाची खीर करताव काय?"

मी मान डोलावली. अक्कांनी चरवी काठोकाठ भरली, वर लोण्याचा गोळा आणि गुळाचा एक मोठा खडा हातात ठेवला, आणि म्हणाल्या, "खीर झाली की वाटीभर इकडं दे हं. तुमच्या आत्तीची शेवई मला लई आवडती."

मी परत आले ती पांढरीफटक होऊनच, कोडाची वाट न बघता. आत्याबाईंना सांगणं भाग होतं. त्यांनी ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला, उठल्या, गोठ्यात आल्या. मला वाटलं आता गाडगं लाथेनं उडवतात. त्यांनी मघाचा तो लगदा नाक मुरडत उचलला, त्यातला चांगला भाग वेगळा काढला, चरवीतलं थोडं दूध आणि अक्कांचाच गूळ घेऊन घरात गेल्या, आणि आपल्या चुलीवर खीर टाकली. जाता जाता म्हणाल्या, "लबाडी एकीनं करायची आन् निस्तरायची दुसरीनं. ह्या घराची रीतच हाय ती."

इकडं आमचं कोंबडीचं पाणी उकळत होतं. मीठ घातलेलं, हळद नाही. हळदीशिवाय कोंबडी शिजताना मी पहिल्यांदा बघत होते, आणि ती आजारी माणसासारखी दिसत होती. तुकडे शिजले, हाडं काढली. मग मी त्या गरम, खारट पाण्यात दूध ओतलं. बघता बघता दूध फाटलं. पांढऱ्या गुठळ्या एकीकडं, निळसर पाणी एकीकडं.

वन्सं उठून उभ्या राहिल्या. गोठ्याच्या कुडाला टेकून बाहेर रस्त्याच्या दिशेनं बघत राहिल्या. सूर्य मावळतीकडं कलला होता. हैदराबाद-सोलापूर सडकेवरून दिवसाला मोजक्याच मोटारी जायच्या, त्याही लढाईमुळं कोळशाच्या धुरावर चालणाऱ्या. कधी येतील, कधी वाटेत बसतील, नेम नसायचा.

मी म्हटलं, "वन्सं, अजून निम्मं दूध हाय."

"त्ये बी फाटंल."

"त्ये कसं करत व्हते? दाजी? दूध ओतायच्या आधी काय करत व्हते?"

"मला काय म्हाईत? म्या बघितलंच न्हाय. म्या मुदपाकखान्याच्या दारातच हुभी ऱ्हायचे." जराशानं हळूच म्हणाल्या, "पीठ. लोण्यात पीठ भाजत व्हते. आपण बेसन भाजतो तसं. घरभर वास सुटायचा... म्या म्हणले, हे काय, साहेबाला लाडू करताव का? तर हसले." एवढं बोलून त्यांनी तोंडात पदर कोंबला. त्या दोन वर्षांत मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं, आणि तेव्हाही धड बघू दिलं नाही.

आम्ही लोण्यात गव्हाचं पीठ भाजलं. तांबूस झालं तशी खाली उतरवून मी दूध थेंबाथेंबानं सोडत गेले आणि वन्सं घोटत राहिल्या. एक गुठळी नाही. दाट, पांढरं, वन्संनी सांगितलं तसं. मग मी त्यात हिरव्या मिरच्या घातल्या. वन्सं म्हणाल्या, "मिरच्या न्हवत्या त्यात." मी म्हटलं, "मिरचीबिगर कोंबडी पोटात नासती." हे मात्र मी मनापासून बोलले.

मटणाच्या गाडग्याला लोणी फासलं. एक थर कोरड्या शेवया, एक थर कोंबडी, वरून पांढरं. परत शेवया. पाव कुठून आणणार? वाळलेली ज्वारीची भाकरी होती, ती पाट्यावर भरडून तो चुरा वर पसरला. तोंडावर मातीची येळणी झाकली, कडा कणकेनं बंद केल्या. खाली गोवऱ्यांची आर, वर येळणीवर निखारे. वरून आग, खालून आग, हीच आमची भट्टी.

"किती येळ?" वन्संनी विचारलं.

मी येळणीजवळ नाक नेलं आणि जाणत्यासारखी म्हणाले, "वासावर कळतं."

वास बराच वेळ आलाच नाही. मग एकदम जळका आला. मी वरचे निखारे काढले, परत घातले, परत काढले. कणीक फोडून बघायची हिंमत दोघींत नव्हती. दिवस मावळला. गुरं परत आली, त्यांना त्या दिवशी गोठ्यात यायला जागा नव्हती, ती अंगणात हंबरत उभी राहिली. मामंजी दोनदा वेशीपर्यंत जाऊन आले. माझा नवरा सडकेवर जाऊन उभा होता.

"येत न्हाईत त्ये," वन्सं म्हणाल्या. "परस्पर गेले असतील."

तेवढ्यात अंगणात बोलण्याचा आवाज आला. मोटार मैलभर अलीकडंच कोळसा संपून थांबली होती, म्हणून दाजी चालत आले होते. खाकी कोट, हातात पत्र्याची पेटी, पायांवर धूळ. आत्याबाईंनी पाणी दिलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. दाजींनी आत बघितलं नाही. ओसरीवर मामंजींशेजारी बसले आणि लढाईचं, साखरेच्या टंचाईचं बोलायला लागले. आवाज परक्या पाहुण्यासारखा.

पाटपाणी झालं. मामंजी, दाजी, माझा नवरा, तिघं जेवायला बसले. आत्याबाईंनी अक्कांची वाटी आधीच पोचती केली होती; आता खीर वाढली, भात वाढला. मग वन्सं गाडगं घेऊन आल्या आणि दाजींच्या पुढ्यात ठेवून कणकेची कड फोडली. मी दाराआड उभी. वाफ निघाली, आणि दिसलं. वरचा चुरा एका बाजूला कोळसा, दुसऱ्या बाजूला ओलाच. मधे पांढरं उकळून फुटून वर आलेलं.

दाजी गाडग्याकडं बघत राहिले. मग विचारलं, "हे काय?"

"वळखा," वन्सं म्हणाल्या.

दाजींनी मान वर केली नाही. "वळखलं. कुत्र्याला घालायला केलंय का?"

मामंजींनी घास तसाच धरून ठेवला. माझ्या नवऱ्यानं ताटाकडं नजर लावली. आत्याबाई खांबाला हात टेकून उभ्या.

आमच्या घरात बाया गड्यांच्या आधी जेवत नाहीत. बाप-भावापुढं, नवऱ्यापुढं तर घासही तोंडात घालत नाहीत. वन्सं तिथंच, नवऱ्याच्या पुढ्यात, खाली बसल्या. गाडग्यात हात घातला, दुधातली शेवई, कोंबडीचा तुकडा, सगळं एका घासात घेतलं आणि तोंडात घातलं.

मामंजींनी तोंड भिंतीकडं केलं.

वन्सं चावत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. दुसरा घास घेतला. तिसरा. पोटात उमळून आलेलं तोंड दाबून परत आत ढकलत होत्या. मला वाटलं आता ह्या उठून अंगणात पळतात, आणि सगळं संपतं. पण त्या उठल्या नाहीत. चौथ्या घासाला हात गाडग्यात गेला तेव्हा दाजींनी त्यांचं मनगट धरलं.

"पुरं."

"न्हाय पुरं."

"पुरं म्हणतो ना." त्यांनी गाडगं आपल्याकडं ओढलं. एक घास घेतला. सावकाश चावला, जसा धंद्यातला माणूस दुसऱ्याचं काम तपासतो तसा. आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडं बघत होतो.

"ह्यात मिरच्या कुणी घातल्या?"

दाराआडून मी म्हटलं, "म्या. दोनच."

"आन् वर हे काय? भाकरी?"

"व्हय."

"शेवया कच्च्या घातल्याव. वरनं जळलंय, मधी गार हाय. दूध मातूर बरं जमलंय." त्यांनी दुसरा घास घेतला. "साहेबापुढं हे ठिवलं असतं, तर त्यानं मला त्याच पावली बंगल्याच्या फाटकाबाहेर काढलं असतं."

वन्संनी पदरानं डोळे पुसले. "मग शिकवा."

दाजी गाडग्यातच बघत होते. शेवटी आत्याबाईंचा आवाज आला, आणि तो रागाचा होता की कसला, ते मला आजही सांगता येणार नाही.

"शिकवायचं त्ये तुमच्या लष्करात न्हिऊन शिकवा, जावईबापू. माझ्या गोठ्यात हे पुन्यांदा व्हायचं न्हाय. गुरं बाहीर हुभी हायती सांजधरनं."

दाजी हसले नाहीत. पण खीर पुढं ओढली, एक वाटी संपवली, दुसरी मागितली. मग मामंजींकडं वळून म्हणाले, "मामा, भावाला सांगावा धाडायला एखादं माणूस भेटंल का सकाळी? मी गावाकडं जात न्हाय म्हणावं. हितनंच माघारी फिरतो." जरा थांबून म्हणाले, "दोघं."

सकाळी आम्ही सगळे सडकेवर गेलो. मोटारवाला मागच्या टाकीत कोळसा घालून पंखा फिरवत होता, धूर सगळ्यांच्या तोंडावर. दाजींनी वन्संना आत बायकांच्या बाकावर जागा करून दिली आणि आपण टपावर पोत्यांवर चढून बसले. मी खिडकीशी उभी होते. मनात आलं, आता तरी ह्या म्हणतील, वैनी, तू होतीस म्हणून झालं.

मोटार हलली तेव्हा वन्संनी खिडकीतून तोंड बाहेर काढलं.

"वैनी, लबाड कुठली! दोन न्हवं, पाच मिरच्या घातल्या व्हत्यास तू. रातीपासनं जीभ भाजलीय माझी."